गप्पी, मल्या आणि मानसोल्लास

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ‘मानसोल्लास’ ठाऊक असतो तो परीक्षेपुरता, आणि तोही दोनच कारणांसाठी. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख या ग्रंथात आहे; आणि देशभाषांतील रचनांचे जे नमुने त्याच्या गीतविनोदात दिले आहेत, त्यांत काही ओळी मराठीच्या आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इसवी सनाच्या ११२९-३० मध्ये, हा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती, एकूण शंभर अध्याय. त्यातल्या आपल्या उपयोगाच्या चार ओळी उचलून बाकीचा ग्रंथ आपण संस्कृत विभागाकडे परत पाठवतो. त्या मराठी ओळींचा विषय मत्स्यावतार आहे, एवढे वर्गात सांगितले जाते. पण त्याच ग्रंथाच्या त्याच विनोदविंशतीत खऱ्याखुऱ्या, पाण्यात पोहणाऱ्या आणि भुकेल्या माशांवर एक अख्खे प्रकरण आहे, हे मराठीच्या वर्गात सहसा कोणी सांगत नाही. वेद घेऊन वर येणारा मासा वाङ्मयात येतो. पेंडीचा गोळा खाणारा मासा बाहेर राहतो.

या प्रकरणाचे नाव मत्स्यविनोद. सोमेश्वर माशांचे तीसहून अधिक प्रकार सांगतो. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम आणि लहान, अशी त्याची विभागणी आहे. राजाचा हेतू गळाने मासे धरण्याच्या करमणुकीचा असल्यामुळे काठी, दोरी आणि आकडा यांचे वर्णन ओघानेच येते. मात्र आमचे लक्ष वेधते ते त्याआधीचे काम. मासे धरायचे तर आधी ते पोसायला हवेत, त्यांना एका जागी येऊन खाण्याची सवय लावायला हवी. म्हणून कोणत्या जातीला काय द्यावे हे तो सांगतो. तिळाची पेंड, भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, शिजवलेला भात यांचे गोळे काहींना. मांसावर जगणाऱ्यांना मांस. शाकाहारी मासा आणि मांसाहारी मासा यांची पंगत वेगळी मांडायची असते, हे बाराव्या शतकातल्या राजाला किंवा त्याला माहिती पुरवणाऱ्या अनाम कोळ्या-भोयांना पक्के ठाऊक होते. आम्हांला दुसरी शक्यता अधिक खरी वाटते. ‘पोसणे’ या क्रियापदात जी दुधारी माया असते ती इथे उघडीच दिसते: ज्याला पोसायचे त्यालाच शेवटी ओढून काढायचे.

हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादित केला. पहिला खंड १९२५ मध्ये आला. मत्स्यविनोदाकडे गांभीर्याने पाहिले ते प्राणिशास्त्रज्ञांनी. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. पुढे नलिनी साधले आणि य. ल. नेने यांनी शेतीच्या इतिहासाच्या अंगाने त्याचा परामर्श घेतला. एक ग्रंथ, दोन वाचक, आणि दोघांची एकमेकांना गाठ नाही.

यात नागपूरचा काय संबंध, असे वाचक विचारील. सोमेश्वराचा बाप सहावा विक्रमादित्य. त्याच्या कारकिर्दीतला शके १००८ चा, सीताबर्डीचा म्हणून ओळखला जाणारा स्तंभलेख नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, आहे. गुरांच्या चराईसाठी दिलेल्या जमिनीची नोंद त्यात आहे. म्हणजे कल्याणीच्या या घराण्याची सत्ता विदर्भापर्यंत पोचली होती. तेव्हा नागपूर शहर नव्हते. ते अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडच्या बख्त बुलंदाने वसवले. पुढे गोंडांनी आणि भोसल्यांनी या शहराला तळी दिली: जुम्मा तलाव (आजचा गांधीसागर), तेलंगखेडी म्हणजे फुटाळा, सक्करदरा, सोनेगाव. अंबाझरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी वाढवला गेला. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे गेले की मालगुजारी तलावांचा प्रदेश लागतो. कोहळ्यांनी ते बांधले, ढिवरांनी त्यांत मासे धरले. अशा पाणथळ प्रदेशात लहान माशांची माहिती भरपूर असणार हे उघड आहे. ती लिहिली कोणी, हा प्रश्न निराळा.

लिहिण्याचा एक मोठा प्रयत्न विदर्भाबाहेर, पुण्याच्या आसपास झाला. मुंबई सरकारचा सांख्यिकी निवेदक म्हणून दख्खन पालथे घालणारा लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याने इथल्या माशांवरचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीपुढे ठेवला. जातींची वर्णने १८३९ मध्ये आणि सविस्तर निबंध १८४१ मध्ये छापला गेला. भाषेच्या विद्यार्थ्याने हा निबंध जरूर चाळावा, कारण साइक्सने नव्या जातींना लॅटिन नावे देताना कोळ्यांच्या तोंडची नावे जशी ऐकली तशी लावली. शिंगाळ्याचा झाला ‘सीनघला’. खुद्री, कोलस, मुसल्ला, फुलंगी, सांडखोल ही सगळी नावे रोमन लिपीच्या फाटक्या कपड्यांत आजही शास्त्रात वावरतात. ओढ्यातल्या दगडाला हनुवटीखालच्या चकतीने चिकटून शेवाळ खरवडणारा बोटभर मासा आहे, त्याचे आजचे शास्त्रीय नाव ‘गारा मल्या’. जगातल्या कोणत्याही विद्यापीठात या माशाविषयी लिहायचे झाले, तरी एक मराठी शब्द लिहावाच लागतो. मराठी भाषेच्या जागतिक संचाराची चर्चा आपल्याकडे अधूनमधून होते. तीत मल्याचे नाव कोणी घेतलेले आम्ही ऐकलेले नाही.

साइक्सच्या ‘खुद्री’चा एक पुढचा अध्यायही आहे. महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीत हा महसीर देवाचा मासा मानला जातो. भाविक त्याला खाऊ घालतात, आणि कोणी धरत नाही. कणकेच्या गोळीत रामनामाची चिठ्ठी घालून ती माशांना टाकण्याचे व्रत महाराष्ट्रभर होतेच. इथे पोसणे आहे, पण ओढून काढणे नाही. सोमेश्वराची अर्धीच कृती श्रद्धेने उचलली, असे म्हणता येईल.

नागपुरात साइक्सच्या तोडीचे काम केले स्टीफन हिस्लॉपने. स्कॉटिश फ्री चर्चचा हा मिशनरी १८४५ मध्ये इथे आला. आज हिस्लॉप कॉलेजमुळे नाव तोंडी आहे. पण माणूस फारसा कोणाला माहीत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो माहीत असतो तो गोंडांच्या लिंगो-गीतासाठी. ते त्याने जमवले, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने त्याच्या कागदपत्रांसह प्रसिद्ध केले. इथेही तीच गोष्ट घडली. गाणे आपण ठेवले, बाकीचे पाण्यात सोडले. बाकीचे काय होते? हिस्लॉप आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूरच्या परिसरातले खडक, त्यांतले शिंपले, बिया, माशांचे अवशेष गोळा केले. त्यांचा भूशास्त्रीय निबंध १८५५ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. चांदा जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या खडकांत मिळालेल्या जीवाश्म माशांचे वर्णन आर्थर स्मिथ वुडवर्डने १९०८ मध्ये केले, तेव्हा त्यातल्या एका जातीला त्याने ‘हिस्लॉपी’ हे नाव दिले. दख्खनचे काळे दगड लाव्हारूपाने पसरण्याच्या सुमारास या भागात गोड्या पाण्याची तळी होती, आणि त्यांत मासे होते, ही बातमी आपल्याला त्या दगडांनी दिली. तळ्यांचे गाव ही नागपूरची ओळख भोसल्यांपेक्षा सुमारे साडेसहा कोटी वर्षांनी जुनी आहे.

एका अगदी बारीक जीवाची गोष्ट आम्हांला याहूनही प्रिय आहे. नागपूरच्या गोड्या पाण्यात, बुडालेल्या काड्यांवर आणि शिंपल्यांवर पातळ पापुद्र्यासारखी एक वसाहत वाढते. ते शेवाळ नव्हे, असंख्य सूक्ष्म प्राण्यांचा तो समूह असतो. मुंबईचा शल्यवैद्य हेन्री कार्टर याने १८५८ मध्ये तिचे वर्णन करून तिला नाव दिले ‘हिस्लॉपिया लॅकुस्ट्रिस’, म्हणजे तळ्यातली हिस्लॉपिया. आशियाभर आढळणाऱ्या या वंशाचे नाव नागपूरच्या पाण्यातून गेले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना पुराने भरलेला नाला ओलांडण्याच्या प्रयत्नात हिस्लॉप बुडाला. त्याच वर्षी मध्यवर्ती संग्रहालयाची स्थापना झाली.

१८५४ हे वर्ष नागपूरकराच्या लक्षात असते ते डलहौसीमुळे. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि वारस नसल्याच्या सबबीवर राज्य खालसा झाले. त्याच १८५४ मध्ये लंडनला फिलिप हेन्री गॉसचे ‘द अक्वेरियम’ प्रसिद्ध झाले. काचेच्या पेटीत वनस्पती, गोगलगाय आणि मासा यांना एकत्र ठेवले तर पाणी दीर्घकाळ ताजे राहते, हे रॉबर्ट वॉरिंग्टनने १८५० मध्ये दाखवले होते. १८५३ मध्ये रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात ‘मत्स्यगृह’ उघडले. गॉसच्या पुस्तकाने त्याचे वेड घरोघर नेले. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध आम्ही जोडत नाही. परंतु त्या एकाच समाजाच्या, एकाच दशकातल्या आहेत, हे विसरूही नये. दूरचे पाणी आणि दूरचे राज्य, दोन्ही आपल्या दिवाणखान्यात नीट मांडून ठेवता येतात, असा विश्वास त्या समाजाला होता. शब्दाचीही गंमत आहे. लॅटिनमध्ये ‘अक्वेरियम’ म्हणजे गुरांना पाणी पाजण्याची जागा. इंग्रजाने पाण्यावरून नाव ठेवले, मराठीने ‘मत्स्यालय’ म्हणताना माशावरून. आलय त्याचे, आपण पाहुणे. मराठी जगात सार्वजनिक मत्स्यालयाचे मोठे उदाहरण म्हणजे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय.

काचेच्या पेटीच्याही आधी चिनी मातीचे भांडे होते. त्यातल्या सोनमाशांनी इंग्रजी कवितेत स्थान मिळवले ते टॉमस ग्रेच्या मांजरीला बुडवून. होरेस वॉल्पोलच्या मांजरीवरची ती विनोदी विलापिका अठराव्या शतकाच्या मध्यातली. आमचा आक्षेप असा की, तिच्यातही मासे शोभेपुरतेच आहेत, लक्ष मांजरीवर आहे. आपल्या संतकवितेत मासोळी वारंवार येते, पण बहुधा पाण्याबाहेर, तळमळत. पोसण्याची उपमा हवी असते तेव्हा कवी कासवीकडे जातात, कारण ती नुसत्या दृष्टीने पिले वाढवते अशी समजूत आहे. पाण्यात स्वस्थ असलेला, खाणारा, शेजाऱ्याला ढुसणी देणारा मासा कवितेने पाहिलेला क्वचित दिसतो.

गप्पीने ती संधी आणली होती. हा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाचा, व्हेनेझुएला-त्रिनिदादकडचा मासा. पीटर्सने १८५९ मध्ये त्याचे वर्णन केले होते. त्रिनिदादच्या रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी या गृहस्थाने काही मासे ब्रिटिश म्युझियमला पाठवले, आणि १८६६ मध्ये गुंथरने त्याच्या आडनावावरून त्याचे पुन्हा बारसे केले. शास्त्रात पीटर्सचे नाव टिकले, लोकांत गप्पीचे. मराठीत आल्यावर मात्र आडनाव मागे पडले आणि शब्दाला नवाच अर्थ चिकटला: सतत तोंड उघडझाप करणारा, गप्पा मारणारा तो गप्पी. लोकव्युत्पत्तीचे इतके सुबक उदाहरण भाषाशास्त्राच्या वर्गात शोधून सापडणार नाही.

डास हे हिवतापाचे वाहन आहे हे रॉसने १८९७ मध्ये सिद्ध केले. त्यानंतर डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशांना सरकारी नोकरी लागली. गप्पी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात आला, त्याचा चुलतभाऊ गॅम्बुशिया १९२८ मध्ये इटलीहून आणला गेला. स्वातंत्र्योत्तर काळात ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही घोषणा महाराष्ट्रातल्या आरोग्यकेंद्रांच्या भिंतींवर चढली. यमक उत्तम आहे. पण क्रियापद तपासून पाहावे. विहिरीत, टाक्यात, डबक्यात मासे नेऊन टाकायचे आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत विसरायचे, याला ‘पाळणे’ म्हणत नाहीत, ‘सोडणे’ म्हणतात. मराठीत आपण शब्द पाळतो, वेळ पाळतो, पथ्य पाळतो, सुतक पाळतो. पाळण्यात नेम असतो, आणि तो नेम पाळणाऱ्यालाच बांधतो. घोषणेतल्या गप्पीला कोणीच बांधलेले नसते. फायद्याचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. अळ्या खाणाऱ्या माशांमुळे हिवताप कमी होतो का, याची उपलब्ध पुराव्यांवरून छाननी कॉक्रेनच्या समीक्षकांनी २०१३ मध्ये केली, आणि तसे म्हणण्याइतका भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

खऱ्या अर्थाने पाळायचे तर काय करावे लागते, हे नागपुरात मे महिन्यात कळते. २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांना तो सातच्या खाली येतो. पाणी तापले की माशाच्या शरीराचा व्यापार वाढतो, म्हणजे त्याची गरज वाढते आणि नेमका पुरवठा घटतो. त्यात माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि पाणी जितके उष्ण व अल्कधर्मी, तितका त्याचा अधिक भाग विषारी रूपात राहतो. हा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग बराचसा निरुपद्रवी नायट्रेट करून टाकणारे जिवाणू वाळूत, गाळणीत वस्तीला यावे लागतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे जातात. घरी उत्साहाने आणलेले बहुतेक मासे याच आठवड्यांत मरतात, आणि आपण त्यांच्या नशिबाला बोल लावतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन उडून जावे म्हणून ते दिवसभर उघडे ठेवावे लागते. टाकी खिडकीपासून दूर, हवेचा पंप चालू, पाणी थोडे थोडे बदलायचे.

आणि खाणे. मासे उपाशी मरण्यापेक्षा प्रेमाने मरतात अधिक. गप्पीला दिवसातून दोनदा चिमूटभर पुरते. दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढेच द्यावे, तळाशी गेले ते अन्न राहत नाही, विष होते. डोळ्याएवढे त्याचे पोट, असे छांदिष्ट सांगतात, ते व्यवहारात ठीक आहे. उन्हाळ्यात मासा वर येऊन तोंड उघडतो, त्याला भूक समजून घरातली माणसे आणखी दाणे टाकतात. तो हवा मागत असतो. कोरड्या दाण्यांबरोबर डासाच्या अळ्या, पाण्यातल्या पिसवा, ट्युबिफेक्सचे लाल दोरे हे जिवंत अन्न. ट्युबिफेक्स सांडपाण्याच्या गाळात माजतो. ज्या नाग नदीने शहराला नाव दिले तिच्या आजच्या अवस्थेत तो सुखाने नांदेल. गप्पीची मादी साधारण महिन्याने पिले देते, एकदाच्या समागमावर अनेक वेळा देते, आणि पाणवनस्पतींचा आडोसा नसेल तर तीच पिले खाते. कासवीच्या उपमेची इथे डाळ शिजत नाही.

मासे फार झाले, किंवा घर बदलले, की पुन्हा तेच क्रियापद येते: तळ्यात सोडून द्या. हे सोडणे करुणेपोटी होते म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. काच साफ करायला आणलेला सकर मासा कवचधारी, चिवट आणि वाढीला अफाट. उजनी जलाशयात त्याने मच्छीमारांच्या जाळ्यांची आणि उत्पन्नाची काय दैना केली, हे गेल्या काही वर्षांत वारंवार वाचायला मिळाले आहे. तोच गुण गप्पी-गॅम्बुशियाचा. अळ्यांबरोबर ते इतरांची अंडी आणि पिलेही खातात. ढिवरांच्या जाळ्यात येणारी बोटभर देशी मासळी वजनावर विकली जाते, तिला पेटीत ठेवण्याजोगी कोणी मानत नाही. परडीतून निवडून एखादी टिक्टो, एखादा काचेसारखा पारदर्शक चांदा घरी आणावा, त्यांना आमच्या उन्हाळ्याची सवय आहे.

शोभिवंत माशांचा देशातला मोठा बाजार कोलकात्याच्या आसपास आहे. निळ्या-रुपेरी पट्ट्यांचा, दोन इंचांचा, चपळ आणि स्वस्त असा एक मासा बहुतेक दुकानांत असतो. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ च्या ग्रंथात कोसी नदीतला म्हणून त्याची नोंद केली. पुढे ऑरेगनच्या जॉर्ज स्ट्रायसिंगरने त्याला प्रयोगशाळेत नेले, आणि आज जगभरच्या जनुकशास्त्राचा बराच भार तो वाहतो. आपल्याकडे तो ‘झेब्रा’ या नावाने मिळतो, आणि गिऱ्हाईक बहुधा विचारते की हा कोणत्या देशातून येतो.